मांगूर आपला की परका? ओळखायचा कसा?



'आपल्या परिसरातील मासे' हा विषय निघाला की चंद्रपूर-गडचिरोलीकडची पोरं भराभर नावं सांगतात. त्यात मांगूर असतोच. मग त्यांना विचारून बघा, "कोणता मांगूर?" वर्ग गप्प होतो. खरं तर आपणही गप्पच होतो, कारण बाजारात एकाच नावाखाली दोन वेगळे मासे येतात.

पहिला आपला देशी मांगूर, क्लॅरियस मागूर. दुसरा आफ्रिकेतला, क्लॅरियस गॅरीपिनस. याला लोक 'थाई मांगूर' म्हणतात, पण त्याचं मूळ घर थायलंड नव्हे, आफ्रिका. गंमत म्हणजे दोघांनाही शास्त्रीय नाव 1822 सालीच मिळालं. देशी माशाला हॅमिल्टनने लोकांच्याच तोंडातलं 'मागूर' हे नाव दिलं. आफ्रिकी माशाला बर्चेलने दक्षिण आफ्रिकेतल्या गॅरीप, म्हणजेच ऑरेंज नदीवरून नाव दिलं.

कशावरून ओळखू नये?

मिशांच्या चार जोड्या, खवले नसलेलं गुळगुळीत अंग, पाठीवरचा लांबच लांब पर आणि पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहणं, या खुणा दोघांतही आहेत. दोघेही हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. त्यामुळे "टोपलीत अजून वळवळतोय, म्हणजे देशीच" हे काही खरं नाही.

मग काय पाहायचं?

1. *डोकं वरून बघा.* ही सगळ्यांत भरवशाची खूण. डोक्यावरचं कडक हाड मागे जिथे संपतं, ती कड देशी मांगूरमध्ये मधोमध एका टोकाला निमुळती होते. आफ्रिकी मांगूरमध्ये तिला तीन टोकं दिसतात, इंग्रजी 'एम' अक्षरासारखी.

2. *रंग.* देशी मांगूर तपकिरी, अंगावर बारीक पांढुरके ठिपके. आफ्रिकी मांगूर राखाडी, त्यावर काळपट ढगाळ डाग. उलटा केला तर त्याच्या डोक्याखाली बऱ्याचदा दोन गडद पट्टे दिसतात. पण पाण्यानुसार रंग बदलतो, म्हणून ही खूण फक्त जोडीला ठेवा.

3. *आकार.* देशी मांगूर साधारण फूटभर. आफ्रिकी मांगूर दीड मीटरपेक्षाही मोठा होऊ शकतो. मोठं धूड दिसलं तर शंका घ्यावी. पण मासा लहान आहे म्हणून तो देशी ठरत नाही, ते आफ्रिकी मांगूरचं पिल्लूही असू शकतं.

दोघांचे संकरही होतात. खुणा सरमिसळ दिसल्या तर "नक्की सांगता येत नाही" हे विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर धरा.

एवढा आटापिटा कशाला?

आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पावसाळ्यात ओसंडतात. एका तलावाचं पाणी खालच्या बोडीत, तिथून धानाच्या बांधीत आणि पुढे नाल्याने वैनगंगेकडे जातं. देशी मांगूर अशाच उथळ, भरलेल्या बांध्यांमध्ये अंडी घालतो. आफ्रिकी मांगूर खादाड. लहान मासे, बेडूक, किडे, जे मिळेल ते खातो. तो एकदा या पाण्यात सुटला की परत गोळा करता येत नाही. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने त्याचे साठे नष्टही केले आहेत.

दुसरी बाजूही मुलांना सांगा. "मांगूरवर बंदी आहे" एवढंच अर्धवट ऐकून लोक देशी मांगूरही नाकारू लागले, तर टोपली घेऊन बसलेल्या ढिवर बाईचं विनाकारण नुकसान होतं. बंदी मांगूर या नावावर नाही, परक्या जातीवर आहे. उलट देशी मांगूर जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे.

वर्गात काय कराल?

बाजारातून मेलेला मासा आणा. छातीजवळच्या परांचे काटे टोचतात, म्हणून हाताळणी मोठ्यांनीच करावी. मुलांना डोक्याचं वरून चित्र काढू द्या. नाव आधी सांगू नका. चित्राखाली तीन खुणा लिहायला सांगा आणि निष्कर्ष शेवटी. घरी आजोबांना, मासे विकणाऱ्या मावशींना विचारून त्यांची ओळखायची खूणही वहीत टिपू द्या.

आणि पालकहो, जिवंत मांगूर घरी आला आणि शंका वाटली, तर दया म्हणून तो विहिरीत किंवा तलावात सोडू नका. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.