रहस्यकथा : वाचन व शिफारस

गुन्हा किंवा एखादी अनाकलनीय घटना केंद्रस्थानी ठेवून तिच्यामागील सत्य वाचकापासून काही काळ लपवून ठेवणारी आणि अखेरीस ते तर्कसंगत रीतीने उघड करणारी कथा वा कादंबरी म्हणजे रहस्यकथा. व्यवहारात थरारकथा, हेरकथा, पोलिसी कथा आणि गुन्हेगारी कादंबरी यांनाही ही संज्ञा सैलपणे लावली जाते. हा वाङ्मयप्रकार सर्वाधिक वाचला जाणाऱ्या प्रकारांपैकी एक असूनही त्यावर समीक्षा मात्र फार थोडी झाली आहे. त्यामुळे कोणते पुस्तक वाचावे व कोणते दुसऱ्यास सुचवावे, हा निर्णय मराठीत बहुधा ग्रंथपालाच्या व अनुभवी वाचकांच्या तोंडी परंपरेवर अवलंबून राहिला. प्रस्तुत नोंदीत ह्या प्रकाराचे स्वरूप व इतिहास संक्षेपाने सांगून त्याच्या वाचनाचा व शिफारशीचा विचार केला आहे.

उगम व विकास : आधुनिक रहस्यकथेचा आरंभ एडगर ॲलन पो (१८०९–४९) या अमेरिकन लेखकाच्या १८४१ मधील कथेपासून मानला जातो. तर्काच्या बळावर गुन्ह्याचा उलगडा करणारा द्युपँ हा हौशी शोधक तीत प्रथम अवतरला. विल्की कॉलिन्झची द मूनस्टोन (१८६८) ही ह्या परंपरेतील प्रारंभीची थोर इंग्रजी कादंबरी होय. तिच्यातील वादग्रस्त हिरा भारतातून नेलेला आहे. आर्थर कॉनन डॉइल (१८५९–१९३०) याने १८८७ मध्ये निर्माण केलेल्या शेरलॉक होम्सने ह्या प्रकारास जागतिक लोकप्रियता मिळवून दिली. पहिल्या महायुद्धानंतर ॲगाथा क्रिस्ती (१८९०–१९७६) हिच्यासारख्या लेखकांनी वाचकाशी बुद्धीचा खेळ खेळणारी कोडेवजा कादंबरी परिणतीस नेली. उलगड्यास आवश्यक असे सर्व दुवे वाचकासमोर ठेवले गेलेच पाहिजेत, हा दंडक त्या काळात रूढ झाला. अमेरिकेत डॅशिएल हॅमेट (१८९४–१९६१) व रेमंड चँडलर (१८८८–१९५९) यांनी रहस्यकथेला दिवाणखान्यातून रस्त्यावर आणले. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या झॉर्झ सीमनाँ (१९०३–८९) याचा मेग्रे हा अधिकारी दुव्यांपेक्षा माणसांच्या स्वभावाकडे अधिक पाहतो. स्वीडनमध्ये माय श्योवाल व पेर वालू या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांत पोलीस तपासाच्या निमित्ताने सबंध समाजाची चिकित्सा आढळते. आजच्या उत्तर युरोपीय गुन्हेगारी कादंबरीचा पाया ह्याच मालिकेने घातला.

भारतीय भाषांत देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची चंद्रकांता ही तिलिस्मी व ऐयारी घटनांनी भरलेली हिंदी कादंबरी विशेष गाजली. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासून, तर सत्यजित राय (१९२१–९२) यांचा फेलुदा १९६५ पासून वाचकांसमोर आला. उर्दूमध्ये इब्ने सफी (१९२८–८०) यांची जासूसी दुनिया ही मालिका १९५२ मध्ये सुरू झाली.

प्रकार : रहस्यकथेच्या प्रकारांची नावे अनेक असली, तरी प्रत्येक प्रकार वाचकाच्या मनात कोणता प्रश्न जागवितो, हे पाहिल्यास त्यांची विभागणी सुलभ होते. ‘कोणी केले?’ हा शोधकथेचा प्रश्न होय. क्रिस्तीच्या बहुतेक कादंबऱ्या ह्या वर्गात मोडतात. ‘कसे उघडकीस येणार?’ हा उलट्या बांधणीच्या कथेचा प्रश्न. तीत गुन्हेगार आरंभीच माहीत असतो व कुतूहल तपासाविषयी असते. ऑस्टिन फ्रीमन याने १९१२ मधील कथासंग्रहात ही रीत प्रथम हाताळली. जपानी लेखक केइगो हिगाशिनो याची द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स (२००५) ही तिचे अलीकडील उत्कृष्ट उदाहरण होय. ‘का केले?’ हा मानसशास्त्रीय गुन्हेगारी कादंबरीचा प्रश्न असून पॅट्रिशिया हायस्मिथच्या द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली (१९५५) या कादंबरीत वाचक खुद्द गुन्हेगाराच्या मनात वावरतो. ‘आता पुढे काय होणार?’ हा थरारकथेचा प्रश्न. तीत घडून गेलेल्या गोष्टीपेक्षा येऊ घातलेले संकट महत्त्वाचे असते. हेरकथा ह्याच कुळातील. मात्र जॉन ल कॅरे याने द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड (१९६३) मध्ये तिला नैतिक संदिग्धतेची खोली दिली.

मराठी रहस्यकथा : गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) यांच्या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांनी व नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्या काही कादंबऱ्यांनी मराठीत रहस्याची गोडी लावली. तथापि स्वतंत्र व्यवसाय म्हणून रहस्यकथालेखनाची प्रतिष्ठापना केली ती बाबूराव अर्नाळकर (मृत्यू १९९६) यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांच्या छोटेखानी रहस्यकथांची संख्या हजारावर असून तिची दखल गिनीज विक्रमग्रंथानेही घेतली. झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे त्यांचे नायक घरोघरी पोहोचले. धनंजय व त्याचा साहाय्यक छोटू यांच्या जोडीवर होम्स व वॉटसन यांची छाया स्पष्ट दिसते. सुटसुटीत वाक्ये, वेगवान संवाद आणि एका बैठकीत संपणारी लांबी ही त्यांच्या लेखनाची वैशिष्ट्ये. अनेक वाचकांना मोठ्या पुस्तकांकडे नेणारी पहिली पायरी म्हणून ह्या कथांचे महत्त्व मान्य करावे लागते.

१९७० नंतर गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांनी तितक्याच विपुलतेने लेखन केले. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या बाराशेच्या घरात जाते. कॅप्टन दीपसारख्या त्यांच्या नायकांमुळे सैनिकी व हेरगिरीचे वातावरण मराठीत आले. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी व दारा बुलंद अशा भिन्न प्रकृतीच्या नायकांभोवती मालिका रचल्या व तरुण वाचकवर्ग बांधला. नारायण धारप (१९२५–२००८) यांची भयकथा आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गूढकथा ह्या शेजारच्या शाखा होत. त्यांत रहस्याचा तार्किक उलगडा होतोच असे नाही, ही बाब शिफारस करताना ध्यानात ठेवावी लागते. श्रीकांत सिनकर यांनी पोलीस तपासांवर आधारित लेखन केले. जयंत देवकुळे यांच्या आशा परत येते या कादंबरीवर राजा परांजपे यांचा पाठलाग (१९६४) हा मराठी चित्रपट व त्यावरून मेरा साया (१९६६) हा हिंदी चित्रपट निघाला. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेने कुमारवाचकांसाठी हीच वाट मोकळी केली.

अनुवादांनी ह्या प्रवाहात मोठी भर घातली. भालबा केळकर यांनी शेरलॉक होम्सच्या कथा आणि अशोक जैन यांनी फेलुदाच्या कथा मराठीत आणल्या. मूळची कोल्हापूरची असलेली मेहता पब्लिशिंग हाऊस ही संस्था ॲलिस्टर मॅक्लीन, रॉबिन कुक इत्यादींच्या थरारक कादंबऱ्यांच्या अनुवादांसाठी विशेष ओळखली जाते.

ग्रंथालय व वाचक : रहस्यकथा मराठी वाचकाने विकत घेतली त्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात उसनी आणून वाचली. ह्या दृष्टीने कोल्हापूर परिसराचा इतिहास लक्षणीय आहे. कोल्हापुरातील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० मधील आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केलेला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा हा भारतातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. पुढे महाराष्ट्र राज्याचा ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावी ग्रंथविक्रीची मोठी दुकाने नसतात. तेथील वाचकाच्या दृष्टीने वाचनालयाची देवघेवीची खिडकी हीच पुस्तकांच्या जगाची वेस होय. शहरांतून अनामत रक्कम व मासिक वर्गणी घेऊन पुस्तके देणाऱ्या खाजगी लायब्रऱ्याही होत्या आणि त्यांच्या फळ्यांवर रहस्यकथांना मानाचे स्थान असे.

ह्या व्यवहारात ग्रंथपाल हाच समीक्षक ठरला. कोणता सभासद अर्नाळकरांवरून शिरवळकरांकडे वळण्यास तयार झाला आहे, कोणाला रक्तपात सोसत नाही, कोणाला शेवट आधी वाचण्याची खोड आहे, हे त्यास ठाऊक असे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, असे प्रतिपादन आहे. त्या सूत्रांचे आचरण रहस्यकथेच्या फळीपुढे, त्यांचे नावही न ऐकलेल्या माणसांकडून, दररोज होत होते.

शिफारशीची तत्त्वे : रहस्यकथेची शिफारस इतर पुस्तकांच्या शिफारशीहून अवघड असते, कारण पुस्तकाचा जो भाग सर्वांत आवडला, नेमका तोच सांगता येत नाही. अनुभवी वाचकांच्या व्यवहारातून पुढील तत्त्वे निष्पन्न होतात.

पहिले तत्त्व असे, की वाचकाला कोणता लेखक आवडतो यापेक्षा कोणता प्रश्न आवडतो हे विचारावे. ‘कोणी केले?’ या कोड्यात रमणाऱ्या वाचकास हायस्मिथ दिल्यास, गुन्हेगार तर पहिल्यापासूनच माहीत आहे, अशी तक्रार तो करील. उलट थरारकथेच्या वाचकास क्रिस्तीचे संथ दिवाणखाने कंटाळवाणे वाटतील. नापसंतीचा दोष अशा वेळी पुस्तकाचा वा वाचकाचा नसून जोडणीचा असतो.

दुसरे, प्रारंभीची परिस्थिती सांगावी, उलगडा सांगू नये. आणि ‘शेवटी मोठा धक्का आहे’ असेही सांगू नये. धक्का आहे हे कळताच वाचक प्रत्येक पात्राकडे संशयाने पाहू लागतो व लेखकाची निम्मी मेहनत वाया जाते. क्रिस्तीची १९२६ मधील द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड ही कादंबरी अशा अतिउत्साही शिफारशींमुळे असंख्य वाचकांच्या हाती अर्धी वाचल्यासारखीच पडली.

तिसरे, मालिकेतील क्रमाचा विवेक करावा. होम्सच्या कथा कोणत्याही क्रमाने वाचल्या, तरी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याच्या अंताची कथा १९०३ मधील पुनरागमनाच्या कथेआधी वाचणे इष्ट. क्रिस्तीची कर्टन (१९७५) शेवटी वाचावी. श्योवाल-वालू यांच्या कादंबऱ्यांत मात्र पात्रांची आयुष्ये पुढे सरकत असल्याने त्या क्रमानेच वाचाव्यात.

चौथे, हिंसेच्या चित्रणाविषयी पूर्वसूचना द्यावी. समकालीन गुन्हेगारी कादंबरीत स्त्रिया व मुले यांच्यावरील अत्याचारांची वर्णने वाढली आहेत. ज्याच्या घरात अशी घटना घडून गेली आहे, त्या वाचकाला ते केवळ रंजन राहत नाही.

पाचवे तत्त्व स्थळाविषयीचे. चांगली रहस्यकथा ही एखाद्या गावाचे वा शहराचे दर्शनही असते. विक्रम चंद्र यांची सेक्रेड गेम्स (२००६) ही इंग्रजी कादंबरी मुंबईच्या पोलीस व गुन्हेगारी विश्वाचे विस्तृत चित्र रेखाटते. इंग्रज लेखक एच. आर. एफ. कीटिंग याने मुंबईच्या इन्स्पेक्टर घोटे यास १९६४ मध्ये जन्म दिला, तेव्हा त्याने भारत पाहिलाही नव्हता. तरी प्रामाणिक, भिडस्त आणि वरिष्ठांपुढे अवघडणारा हा अधिकारी ओळखीचा वाटतो. अशा पुस्तकांची शिफारस करताना ‘तुमच्या परिचयाचे शहर दुसऱ्याच्या नजरेने पाहा’ एवढे सांगणे पुरते.

सद्यःस्थिती : खाजगी लायब्रऱ्यांची संख्या रोडावली असून रहस्यकथेचा वाचक श्राव्य पुस्तके, दूरचित्रवाणीवरील मालिका आणि अनुवाद यांकडे वळला आहे. अर्नाळकरांच्या निवडक कथांची पुनर्मुद्रणे निघाली आहेत. पण स्वस्त कागदावर छापलेल्या, हातोहाती फिरून जीर्ण झालेल्या हजारो मूळ पुस्तकांचे भवितव्य चिंताजनक आहे. वाचनालयांतून बाद होणाऱ्या पुस्तकांत रहस्यकथांचा क्रम पहिला लागतो. कारण त्या सर्वाधिक फाटलेल्या असतात. म्हणजे जे पुस्तक सर्वाधिक वाचले गेले, तेच सर्वांत आधी नाहीसे होते. वाङ्मयेतिहासाने ज्यांची नोंद पुरेशी घेतली नाही, त्यांची सूची ग्रंथालयांनीच करून ठेवली पाहिजे. शीर्षक, लेखक, प्रकाशनवर्ष, नायकाचे नाव व कथेचा प्रकार एवढी माहिती टिपली आणि प्रत्येक लेखकाची दोन-चार पुस्तके देवघेवीतून काढून राखून ठेवली, तरी पुढील अभ्यासकाला मराठी माणूस फावल्या वेळी खरोखर काय वाचत होता, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकेल. त्या उत्तराचे पुष्कळसे दुवे आज जुन्या ग्रंथपालांच्या व सभासदांच्या केवळ स्मरणात आहेत. ते विचारून लिहून घेण्याचा अवधी मात्र मर्यादित आहे.