कळव्याहून उमराहला निघताना

कळवा-मुंब्र्यात उमराहचे पॅकेज ठरवताना घरोघरी पहिला प्रश्न पैशांचा असतो. त्याआधी तिकिटाचा मार्ग विचारा. मुंबईहून जिद्दाला थेट विमान पाच-साडेपाच तासांत पोहोचते. वाटेत विमान बदलायचे असेल तर रात्र विमानतळाच्या खुर्चीवर जाऊ शकते, आणि सत्तरीतल्या अम्मीला ती स्वस्ताई महाग पडते.

जिद्दाला उतरण्यापूर्वीच विमान मीकात ओलांडते. म्हणून पुरुषांनी एहरामचे कापड हातातल्या बॅगेत ठेवावे. मोठ्या बॅगेत गेले तर वाटेत मिळणार नाही. स्त्रियांना नेहमीचे कपडे चालतात, नियत मात्र तिथेच करायची. आधी मदिना गाठणाऱ्यांना ही घाई नाही, त्यांची मीकात मदिनेजवळ जुल-हुलैफाला.

हॉटेल ‘हरमपासून 500 मीटर’ असे छापलेले असते. कुठल्या दारापासून, वाटेत चढ किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. हॉटेलचे नाव लेखी घ्या आणि नकाशावर स्वतः बघा.

आता विमानतळ. कळव्याला बहुतेक जलद लोकल थांबत नाहीत. धीम्या लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी मेट्रोने टर्मिनल 2. हा मार्ग निरोप द्यायला येणाऱ्यांचा. सामान आणि बुजुर्ग मंडळी टॅक्सीनेच न्या.