दोनशे पानी वहीतले बग्ज

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये आमच्या फ्लॅटवर दोनच गोष्टी चालतात, मॅगी आणि कोडिंग. माझी रूममेट कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभरात तिने तीनशेच्या वर प्रॉब्लेम सोडवले. तरी दोन कंपन्यांच्या कोडिंग टेस्टमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर! ‘‘अजून किती सोडवू गं?’’ दुसऱ्या मेलनंतर ती रडवेली होऊन म्हणाली.

दोन दिवस तिने लॅपटॉप उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. किती वेळ लागेल असं वाटलं, खरंच किती लागला, काय चुकलं आणि का चुकलं. शेवटच्या रकान्यात ‘लक्ष नव्हतं’ असं लिहायचं नाही, हा तिचाच नियम.

दोन आठवड्यांनी रविवारी आम्ही पेन्सिल घेऊन चुका मोजल्या. तिला वाटत होतं, आपलं घोडं ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगमध्ये अडतंय. वहीत ४१ चुका होत्या. त्यातल्या १९ प्रश्न अर्धवट वाचल्यामुळे झालेल्या! रिकामा अ‍ॅरे आला तर काय, याचा विचारच केलेला नाही. ग्राफच्या चुका फक्त चार. म्हणजे वर्षभर बाईसाहेब भलत्याच दुखण्यावर औषध घेत होत्या.

हे वेड काही तिचं एकटीचं नाही. एमएस्सीवाले प्रोजेक्ट रिपोर्ट ज्या ‘लेटेक’मध्ये करतात, त्याचा पाया असलेला ‘टेक’ हा प्रोग्रॅम डोनाल्ड कनूथ यांनी लिहिला. १९७८ पासून दहा वर्षं त्यांनी त्यातली प्रत्येक चूक नोंदवली. साडेआठशेहून जास्त नोंदी झाल्या. त्यांचे १५ प्रकार पाडले आणि १९८९ मध्ये सगळी यादी चक्क छापली. त्यात साधे टायपोसुद्धा आहेत. एवढा मोठा माणूस टायपो लपवत नाही आणि आपण मात्र एरर आला की गुपचूप दुरुस्त करून पुढे पळतो.

आयबीएममध्ये २७ वर्षं काढलेल्या वॉट्स हम्फ्री यांनी तर याची शिस्तबद्ध पद्धतच बसवली, पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस. १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात ती आहे. कामाआधी वेळेचा अंदाज, नंतर प्रत्यक्ष वेळ आणि प्रत्येक चुकीची नोंद. शिवाय ही आकडेवारी ज्याची त्याच्यापाशीच राहावी, यावर त्यांचा भर होता. खरंच आहे. सर किंवा बॉस वाचणार म्हटलं की आपण वहीतही खोटं लिहू!

तुम्हाला करून बघायचं असेल तर अ‍ॅप शोधत बसू नका, जुनी वही चालेल. एआयने दिलेला कोड न समजता चिकटवला असेल तर तेही लिहा. आणि महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातून एकदा मागची पानं वाचा. नुसतं लिहून ठेवलं तर ती रद्दीच. एका वेळी एकच चूक धरा. रूममेटने महिनाभर एवढंच केलं, कोड लिहिण्याआधी प्रश्न आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढायचा.

तिसऱ्या कंपनीची कोडिंग टेस्ट तिने काढली. इंटरव्ह्यूत मात्र राहिली. त्या रात्री मी तिची समजूत काढायला गेले, तर ती वही उघडून बसलेली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘प्रश्न कळला नव्हता, तरी विचारला नाही.’ चौथी कंपनी पुढच्या मंगळवारी आहे.

आणि हो, मीही एक वही घातलीय. आमच्या डेस्कवर माझी कॉपी लाल होऊन परत येते. पहिल्या आठवड्यात ११ चुका, त्यातल्या सहा आडनावांच्या. आता फोन ठेवण्याआधी प्रत्येकाला आडनाव पुन्हा विचारते.