मुलाच्या मापाचं मैदान

जर्मनीत सहा वर्षांच्या मुलांची फुटबॉल मॅच पाहायला आता कोणी गेलं, तर त्याला आधी मैदानच ओळखू येणार नाही. मोठ्या हिरवळीवर शंकू मांडून छोटे छोटे चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन गोल, जेमतेम एक-दोन मीटर रुंदीचे. गोलकीपर नाही, पंच नाही. या बाजूला तीन मुलं, समोर तीन. काही मिनिटांत फेरी संपते, आणि जिंकलेले तिघे एक चौकोन वर सरकतात, हरलेले एक चौकोन खाली. तासा-दीड तासात प्रत्येक पोरगं अनेक सामने खेळून, घामाघूम होऊन घरी जातं. गुणतक्ता शोधायला जाऊ नये, तो नसतोच.

2024-25च्या हंगामापासून जर्मन फुटबॉल संघटनेनं, म्हणजे डीएफबीनं, ही पद्धत देशभर बंधनकारक केली. सात वर्षांखालच्यांना तिथे ‘बांबिनी’ म्हणतात. ते दोनास दोन किंवा तिनास तीन खेळतात. नऊ वर्षांखालचे तिनास तीन किंवा पाचास पाच, आणि अकरा वर्षांखालचे पाचास पाचपासून सातास सातपर्यंत. ठराव मार्च 2022 मध्ये बॉनच्या अधिवेशनात एकमतानं झाला होता. क्लबांना तयारीला दोन वर्षं मिळाली. सुमारे 24,000 क्लब आणि सत्तर लाखांहून जास्त सभासद असलेल्या संघटनेत असा बदल म्हणजे गावोगावच्या स्वयंसेवकांना आपली शनिवारची सकाळ नव्यानं मांडायला लावणं. लहानग्यांचा प्रशिक्षक तिथे बहुधा कुणाचा तरी बाबा किंवा आई असते, बिनपगारी.

एवढा खटाटोप कशासाठी, हे साध्या हिशेबात कळतं. सातास सात खेळताना चौदा मुलांमागे चेंडू एक. शिवाय रेषेबाहेर राखीव चार-पाच जण जाकिटं घालून बसलेले. त्या चौदांतही चेंडू दोघा-तिघांच्याच पायात राहतो, आणि हे दोघे-तिघे बहुतेक वेळा जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले निघतात. वयोगट कॅलेंडरच्या वर्षावर ठरतो, आणि सहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत, समजुतीत केवढी तफावत! डिसेंबरचं पोर बचावात उभं राहतं, गवत उपटतं, आणि पुढच्या वर्षी येत नाही. त्याला फुटबॉल आवडला नाही, असं घरी म्हणतात. खरं म्हणजे तो त्याच्या वाट्यालाच आला नव्हता.

प्रौढांचं मैदान 105 बाय 68 मीटर, गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. हे सगळं थोडंसं आखडून मुलांच्या अंगावर चढवायचं, ही जगभरची जुनी रीत. आपल्याकडे शाळेचा शर्ट वाढत्या मापाचा घेतात, तसं. शर्टाची बाही दुमडता येते, खेळाची दुमडता येत नाही.

मापाचा हा विचार ज्यानं चिकाटीनं लावून धरला, तो हॉर्स्ट वाइन मूळचा फुटबॉलचा नव्हेच. तो हॉकीचा खेळाडू आणि हॉकीचाच प्रशिक्षक. भारतीय वाचकाला त्याची ओळख एका वेगळ्या वाटेनं पटेल. 1980च्या मॉस्को ऑलिम्पिकच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात कर्णधार भास्करनच्या भारतीय संघानं ज्या स्पेनला 4-3 असं हरवलं, त्या स्पेनचा प्रशिक्षक वाइन होता. पुढे स्पेनमध्येच राहून तो लहान मुलांच्या फुटबॉलकडे वळला. तिनास तीन आणि चार गोल हा खेळ त्याचा, नाव ‘फुनिन्यो’. बाहेरच्या माणसाला घरातल्या फर्निचरची गैरसोय आधी दिसते, तसं काहीसं झालं असावं. 2016 मध्ये तो वारला. जर्मनीत त्याच्या कल्पनेसाठी एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठातले प्राध्यापक मथियास लोखमान यांनी बरीच झुंज दिली.

या खेळाची खरी गंमत चार गोलांत आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. लहान मुलं फुटबॉल खेळतात तेव्हा सगळी चेंडूभोवती गोळा होतात, आणि बाहेरून प्रशिक्षक ओरडतो, “पांगा, पांगा!” सहा वर्षांच्या पोराला पांगून काय मिळणार? चेंडू तर इथे आहे. पण समोर दोन गोल असले की गोष्ट बदलते. उजवीकडे गर्दी झाली म्हणजे डावीकडचा गोल मोकळा पडतो. तो दिसायला मान वर करावी लागते. एकदा मान वर केली की चेंडू वळवावासा वाटतो, किंवा तिकडे पळणारा जोडीदार दिसतो. जे सांगून सांगून घसा बसतो, ते मैदानाची मांडणी न बोलता करून घेते. शिवाय लांबून चेंडू हाणून गोल होत नाही. गोलाजवळ एक पट्टा आखलेला असतो, त्याच्या आत शिरूनच मारायचं. त्यामुळे दणकट लाथेचा भाव उतरतो. गोल झाला की दोन्हीकडचा एकेक खेळाडू ठरल्या क्रमानं बदलतो. कोणाला बाहेर काढायचं हा प्रश्न प्रशिक्षकाच्या हातातच राहत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या यंत्रातला हा सर्वांत शहाणा खिळा आहे. दुबळ्या मुलाला बाकावर बसवण्याचा मोह चांगल्या माणसालाही आवरत नाही.

विरोध झाला, आणि तोही मोठ्या तोंडांनी. जर्मनी 2018 आणि 2022च्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत गारद झालेला, त्यात मुलांचे गुणतक्ते गेले. बोरुसिया डॉर्टमुंडचे तेव्हाचे प्रमुख आणि डीएफबीचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वात्स्के यांनी 2023 मध्ये जाहीर टीका केली. लहानपणी हरणं म्हणजे काय हे कळलंच नाही, तर जिंकण्याची ताकद कुठून येणार, असा त्यांचा सूर होता. मुद्दा ऐकायला दणदणीत आहे, पण नेम चुकलेला. नव्या पद्धतीत मूल एका सकाळी दोन-तीनदा हरतं आणि दोन-तीनदा जिंकतं. हरल्यावर खालच्या चौकोनात जाऊन आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी गाठतं. पूर्वी एकच सामना व्हायचा आणि तो 17-0 असा संपायचा. त्यातून हरणं शिकतात की खेळ सोडणं? आणि गोल मोजायला पोरांना तक्ता लागत नाही. कोणी किती मारले हे गाडीत बसेपर्यंत त्यांना तोंडपाठ असतं.

दुसरा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. इतके छोटे गोल विकत घ्यायचे, दर शनिवारी मांडायचे, उचलायचे, चौकोनांचं वेळापत्रक सांभाळायचं, आणि माणसं तीच मोजकी. शंकू किंवा काठ्या रोवून काम भागतं, पण मांडायला हात लागतातच.

आणि मोठ्यांचं काय? तिथे आखेनच्या राल्फ क्लोर यांचं काम आठवायला हवं. त्यांनी सुरू केलेल्या फेअर प्ले लीगचे नियम तीनच. पंच नाही, फाउल की नाही ते मुलं आपसांत ठरवणार. दोन्ही संघांचे प्रशिक्षक शेजारी शेजारी उभे राहणार. आणि पालक मैदानापासून पंधराएक मीटर लांब. हा तिसरा नियम पाळायला सर्वांत अवघड! पण लांब उभं राहिलं की आईबापांचं ओरडणं पोरापर्यंत शब्दांनी पोचत नाही, नुसता गलका पोचतो, आणि गलक्याचं दडपण येत नाही.

महाराष्ट्राचा आणि जर्मन फुटबॉलचा अलीकडचा धागा वरच्या टोकाला जुळला आहे. 2023 मध्ये राज्य सरकारनं एफसी बायर्नच्या नावानं चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा घेतली आणि निवडलेली वीस मुलं म्युनिकला जाऊन आली. छान झालं. पण बायर्नच्या दारात मूल येतं ते आधी कुठल्या तरी गल्लीतल्या क्लबात बांबिनी म्हणून खेळून. आपल्याकडे कोल्हापुरात पेठांतली पोरं तालमीच्या फुटबॉल संघाचं वेड पाळण्यातूनच घेऊन येतात; पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं त्यांना बाराखडीआधी येतात. वेड आहे, पण सहा वर्षांच्या पोराला मापाचं मैदान बेतून देणारी व्यवस्था तालमीच्या वेडातून आपोआप निघत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं 2018 मध्ये ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली, ती याच हेतूनं.

पुण्या-मुंबईत निदान जागेची सबब उरलेली नाही. कृत्रिम गवताची पाचास पाचची टर्फं उपनगरांत जागोजाग झाली आहेत. एका टर्फवर दोन चौकोन सहज बसतात, गोलांच्या जागी पाण्याच्या बाटल्या चालतील. अडचण जाळीपाशी येईल. पालक तिथे नाक लावून उभे असतात, आणि पंधरा मीटर मागे सरका म्हटलं, तर मागे पार्किंग असतं आणि त्याच्या मागे लगेच रस्ता.