कटिंग येतं का?

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या बाजारात पहिल्या वेचणीचा कापूस येऊ लागतो. जिनिंगमध्ये सरकी बाजूला होते, रुई दाबून तिच्या 170 किलोंच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरच्या गिरण्यांकडे निघून जातात. त्याच दिवसांत गावातल्या कापड दुकानांतून पॉपलीन आणि केंब्रिकची ठाणं उलगडली जात असतात. मी एकदा हिशेब मांडून पाहिला. 44 इंची पन्ह्याचं पावणेतीन मीटर सुती कापड साधारण पावणेचारशे ग्रॅम भरतं. कापसाच्या वजनाच्या जेमतेम तिसरा हिस्सा रुई निघते. सूतकताई-विणाईतली घट धरली, तर एवढ्या कापडाच्या एका झग्यामागे सव्वा किलो तरी कापूस लागतो. म्हणजे आमच्याकडच्या बाईनं ओटीत वेचलेला कापूस फार लांबचा प्रवास करून पुन्हा तिच्याच अंगावर येतो. या प्रवासातली वेचणी तिच्या हातची असते. शेवटची पायरी, म्हणजे कापडावर कात्री चालवणं, हीसुद्धा तिच्या हातात असू शकते का, याचा शोध म्हणजे हा लेख.

आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो मशीन कोणतं आहे हा नाही. त्या विचारतात, “कटिंग येतं का?” टीप मारणं, हातशिलाई करणं, काजं-बटणं लावणं पुष्कळ जणींना येतं. कापणं थोड्यांनाच येतं. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही. म्हणून कटिंग ही या धंद्याची खरी विद्या आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती दुकानात, गादीवर बसलेल्या माणसाकडे राहिली.

खणापासून झंपरपर्यंत

हा भाग शिंपीकामाला परका नाही. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संताच्या रचनांत गज, कात्री, सुई-दोरा ही घरची हत्यारं भक्तीची रूपकं होऊन येतात. पण त्या काळापासून पुढे कितीतरी शतकं बाईच्या अंगावरचं मुख्य वस्त्र न शिवलेलंच होतं. तिची चोळी खणातून निघे. खण विणतानाच चोळीच्या बेतानं विणलेला असे. त्याचे सरळ तुकडे करायचे, घडी घालून जोडायचे, पुढे गाठ मारायची. त्यात वाया काही जात नसे, आणि हे कापणं घरातल्या बायकांना येत असे.

मग बाह्यांचं, बटणांचं, टक्स घेतलेलं झंपर आलं. हा शब्दच इंग्रजीतल्या ‘जंपर’वरून आपल्याकडे रुळला. सिंगर कंपनीची मशीनं 1870च्या दशकापासून हिंदुस्थानात येत होती, आणि त्यांचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी उभा केला. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 1930च्या दशकात ‘उषा’ मशीन काढलं. मशीन घरात आलं, रुखवतातही मांडलं जाऊ लागलं. पण झंपरचा मुंढा आणि बाहीचा गोलावा खणाच्या सरळ कापात बसणारा नव्हता. शिवणं घरात आलं आणि कापणं घराबाहेर गेलं.

कागदावर उतरलेली विद्या

ही विद्या कागदावर उतरवून विकण्याचा उद्योग अमेरिकेत उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी 1863 साली मापवारीनं कापलेले कागदी पॅटर्न विक्रीला आणले. मासिकांतून आराखडे त्याआधीही मिळत, पण ते एकाच मापाचे असत. आपल्या मापापर्यंत ते वाढवणं ज्याला कापणं येतं त्यालाच जमे. बटरिक यांनी प्रत्येक मापासाठी वेगळा कागद दिला. सुरुवातीच्या पॅटर्नवर छापलेलं काही नसे. पातळ कागदाला पाडलेली भोकं आणि कडेचे काप यांवरूनच शिवणारीनं टक्स कुठे, जोड कुठे हे ओळखायचं. 1870 साली जेम्स मॅकॉल यांची कंपनी आली, 1927 मध्ये ‘सिम्प्लिसिटी’, आणि 1950 मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबुर्गहून एन्ने बुर्डा यांचं मासिक. मासिकाच्या एकाच मोठ्या कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून जात. आपली रेषा हुडकून ती दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची.

आपल्याकडे पाकिटातला पॅटर्न फार रुजला नाही. इथे पद्धत रुजली ती माप घेऊन कागदावर आखण्याची. प्रा. के. आर. झारापकर यांचं ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ हे पुस्तक शिवणवर्गांतून खूप वापरलं गेलं. छातीचा चौथा भाग इतका, बारावा भाग गळ्याची रुंदी, अशा हिशेबानं खाकी कागदावर आखत आमच्याकडच्या मुली शिवणाच्या परीक्षेला बसल्या. शिवणवर्गाला न गेलेल्या बायकांनी तिसरी वाट काढली. अंगाला नीट बसणारा ब्लाउज उसवायचा, वर्तमानपत्रावर ठेवून कापून घ्यायचा, कागदावर नाव लिहायचं आणि गुंडाळी करून खिळ्याला अडकवायची. माझ्या आईच्या मशीनशेजारी अशा गुंडाळ्या होत्या. आत्या, मामी, शेजारच्या काकू, प्रत्येकीचं अंग तिथे कागदावर होतं.

कागद कुणाच्या मापाचा?

गेल्या वर्षी माझ्या हाती एक परदेशी पॅटर्न आला. भाचीला शहरातल्या मुली घालतात तसा वन-पीस हवा होता. पाकिटावर 14 नंबर म्हणजे छाती 36, कंबर 28, नितंब 38 इंच, आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठ साडेसोळा इंच. भाचीची छाती 37 आणि पाठ पंधरा इंच. इंचभर छाती वाढवून आणि दीड इंच पाठ कापून भागेल असं मला वाटलं. पण काखेखालून, छातीच्या वरून टेप फिरवला तेव्हा माप 34 आलं. छातीवरून मोठा नंबर घेतला असता तर खांदे बाहीवर उतरले असते. तिचे खांदे 12 नंबरचे होते, उंची कुठल्याच नंबरात बसत नव्हती.

ही चूक तिच्या अंगाची नव्हती. अमेरिकेत 1939-40 साली तयार कपड्यांची मापं ठरवण्यासाठी सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मोजमापं घेतली गेली, आणि त्यातून गोऱ्या नसलेल्या स्त्रिया वगळल्या गेल्या. त्या आकड्यांची छाया पुढची कित्येक दशकं तिथल्या मापांवर राहिली. आपल्या देशानं स्वतःची मापं घ्यायला फार उशीर केला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं ‘इंडियासाइझ’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं: वय 15 ते 65, पंचवीस हजार माणसं, सहा शहरं, त्यांत मुंबई आणि हैदराबादही. पण सव्वापाच फूटही उंची नसलेली, कापूस वेचून खांदे पुढे आलेली, दंडाला भरलेली मानवत-पाथरीकडची बाई शहरातल्या मोजमापात कितपत उतरेल?

पाच सूत

मग मी पॅटर्नला पहिला मसुदा समजून कामाला लागले. 12 नंबरची रेषा दुसऱ्या कागदावर उतरवली. अर्धा पुढा घडीवर कापायचा असतो, म्हणून छातीचे वाढीव तीन इंच अर्धे करून त्या कागदात दीड इंच उघडले. वाढलेली जागा टक्समध्ये गेली. कंबरेच्या वरचा कागद आडवा दुमडून पाठ आखूड केली. हेच खांद्यापाशी कापून केलं असतं तर मुंढ्याचा आकार बिघडला असता.

त्या पॅटर्नमध्ये शिलाईसाठी पाच सूत, म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, आत धरलेले होते. जर्मन मासिकाच्या कागदावर ते धरलेले नसतात, आपल्यालाच सोडावे लागतात. हे न वाचता कापलं तर वन-पीस सव्वा इंचानं चुकतो, तेही प्रत्येक जोडाला. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. कागदावरचा बाण कापडाच्या काठाला समांतर ठेवला, म्हणजे उभा धागा उभाच राहतो. आधी मांजरपाटाचा कच्चा वन-पीस शिवून भाचीला घालायला दिला. पाठीत चुणी पडत होती, ती टाचणीनं धरून कागदावर दुरुस्त केली. पॉपलीनवर खडू फिरला तो त्यानंतर, 14 नंबरची सुई मशीनला चढली ती त्याही नंतर.

या सगळ्यात मला कळलं ते हे की पॅटर्नची खरी देणगी त्यातला वन-पीस नाही. बाहीचा वरचा गोलावा मुंढ्यापेक्षा थोडा जास्त का असतो, टक्सचं टोक छातीच्या उंचवट्याच्या अलीकडेच का थांबवायचं, हे शिंप्याच्या हातातलं ज्ञान त्या रेषांत गोठवून ठेवलेलं असतं. आपल्या मापानं ती रेषा हलवताना ते आपल्याला कळतं. नुसती रेषा गिरवली तर कळत नाही.

आपला कागद

म्हणून एक मागणं मांडते. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून या भागासाठी काम करतं. तिथल्या गृहविज्ञान, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्र शिकवलं जातं. मराठवाड्यातल्या बायकांची मापं घेऊन ब्लाउज, कुर्ता आणि वन-पीसचे मराठी सूचना असलेले कागद तिथे तयार व्हावेत आणि बचत गटांपर्यंत पोचावेत. या मातीतल्या कपाशीचं वाण इथल्या पावसाला सोसेल असं हवं, हे आपल्याला पटतं. कपड्याचा नमुनाही इथल्या अंगाला सोसेल असा हवा.

वन-पीस घालून भाची दिवाळीत घरोघरी फिरली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शेजारची सून वर्तमानपत्राचे चार ताव घेऊन आली. “ताई, कटिंग उतरवून घेऊ का? माझ्या मापाचं कसं करायचं ते तेवढं दाखवा.” मी टेप काढला. आधी काखेखालून माप घेतलं, मग छातीचं, मग पाठीचं. कोपऱ्यात तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, आणि त्याखाली तिन्ही आकडे.