मिस्टर, मिसेस आणि सर

इंग्रजीतील ‘मिस्टर’, ‘मिसेस’, ‘मिस’ आणि ‘सर’ ही उपपदे आपल्याकडे रुळून दोन शतके होत आली, तरी ती कोणत्या नावास जोडावयाची हा गोंधळ अद्याप सरलेला नाही. मराठी माणसास ही अडचण सहसा जाणवत नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी त्याच्या नावाची घडण असल्याने ‘मिस्टर’ आडनावास लावले की काम भागते. परंतु हाच गृहस्थ नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेला आणि तेथील सहकाऱ्यांस इंग्रजीत पत्रे लिहू लागला, की लेखणी अडते. तेथील पुष्कळांना आडनावच नसते. आरंभीची आद्याक्षरे गावाची अथवा वडिलांची, आणि शेवटचा शब्द त्या व्यक्तीचे स्वतःचे नाव. तेव्हा ‘मिस्टर’ लावावयाचे ते या स्वतःच्या नावासच. परदेशप्रवासाच्या कागदपत्रांत आडनावाचा रकाना भरण्यासाठी अनेकजण वडिलांचे नाव लिहितात. मग परक्या विमानतळावर मुलाच्या नावाने वडिलांचा पुकारा होतो!

‘सर’ या किताबाचा नियम ‘मिस्टर’च्या नेमका उलट आहे. तो आडनावास कधीच लागत नाही. स्वतःच्या नावास लागतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १९११ मध्ये हा मान मिळाला. त्यांना ‘सर रामकृष्ण’ म्हणणे शुद्ध, ‘सर भांडारकर’ म्हणणे अशुद्ध. पण हा नियम बेंगळुरूत डोळे मिटून लावला तर काय होते? चंद्रशेखर वेंकट रामन हे १९२९ मध्ये ‘सर’ झाले आणि १९३३ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. पहिला शब्द तो स्वतःचा, असे मानून कोणी ‘सर चंद्रशेखर’ म्हणेल, तर तो मान त्यांच्या वडिलांकडे जातो, कारण चंद्रशेखर हे वडिलांचे नाव. म्हणजे इंग्रजाच्या कानाला खटकणारे ‘सर रामन’ हेच येथे अर्थाने अधिक खरे! पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या विश्वेश्वरय्यांना हा किताब १९१५ मध्ये मिळाला. ‘मोक्षगुंडम’ हे त्यांच्या पूर्वजांचे गाव. ‘सर मोक्षगुंडम’ म्हटले तर किताब गावाला जातो. लोकांनी ‘सर एम. व्ही.’ असा सुटसुटीत तोडगा काढला. व्याकरणापेक्षा लोकव्यवहार कधीकधी शहाणा असतो.

स्त्रियांच्या उपपदांत प्रश्न केवळ शुद्धाशुद्धतेचा राहत नाही. पुरुष लग्नाआधी ‘मिस्टर’ आणि लग्नानंतरही ‘मिस्टर’; स्त्रीने मात्र आपली वैवाहिक स्थिती नावाआधी जाहीर करावयाची. वस्तुतः ‘मिस’ आणि ‘मिसेस’ हे दोन्ही शब्द ‘मिस्ट्रेस’ या एकाच शब्दापासून निघाले, आणि प्रारंभी त्यांत विवाहाचा भेद असा नव्हता. आपल्याकडेही ‘कुमारी’ आणि ‘सौभाग्यवती’ आहेतच. त्यात पुन्हा प्रांताप्रांतांची तऱ्हा निराळी: कानडी पत्रिकेत विवाहितेस सहज लावलेले ‘श्रीमती’ एखाद्या मराठी सवाष्णीने स्वतःच्या नावाआधी पाहिले, तर तिच्या मनात चर्र होते.

रामन संचालक असतानाच, १९३३ मध्ये, मुंबईची पदवी घेतलेल्या कमला भागवत या संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने आधी नकार मिळाला. त्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा कडक अटींवर प्रवेश मिळाला. इंग्रजी रीतीने त्या तेव्हा ‘मिस भागवत’ होत्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाल्यावर ‘डॉक्टर भागवत’ झाल्या, आणि १९४७ मध्ये विवाहानंतर ‘डॉक्टर सोहोनी’. आडनाव बदलले, कष्टाने मिळवलेले उपपद तेच राहिले. विद्येचे उपपद ‘लग्न झाले काय?’ असे विचारीत नाही. म्हणून अशा स्त्रीस ‘मिसेस’ लिहिणे हा तिच्या विद्येचा अनादर होतो, आणि ‘डॉक्टर मिसेस’ अशी दुहेरी जोडणी इंग्रजीत शिष्टसंमत नाही. आपल्या पत्रिकांवरील ‘डॉ. सौ.’ मात्र त्याच जातीचे आहे.

हा भेद टाळणारे ‘मिझ’ हे उपपद अमेरिकेतील एका वृत्तपत्रात १९०१ मध्येच सुचविले गेले होते. ते रूढ व्हावयास १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते १९८६ मध्ये स्वीकारले. स्त्रीने स्वतः ‘मिस’ वा ‘मिसेस’ लिहिले नसेल, तर तिच्याविषयी तर्क लढविण्यापेक्षा हे उपपद वापरणे बरे.

‘सर’ची गोष्ट आता इतिहासजमा झाली. राज्यघटनेच्या १८व्या कलमाने किताब बंद केले. रामन यांना १९५४ मध्ये आणि विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये मिळालेले ‘भारतरत्न’ हा सन्मान आहे, उपपद नव्हे. असे सन्मान नावाच्या मागेपुढे जोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. ‘मिस्टर’ मात्र टिकून आहे. ते दुसऱ्याने द्यावयाचे असते. स्वतःच्या सहीत कोणी लिहीत नाही, आणि दूरध्वनीवर ‘मी मिस्टर अमुक बोलतो’ असे म्हणणेही इंग्रजी रीतीस धरून नाही.