मोदक : अक्षराला किती जाड करता येतं?

रोमन ‘ओ’ जाड करत गेलं, तर मधलं भोक लहान होत जातं, एवढंच. देवनागरीतला ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ घ्या. डोक्यावर शिरोरेघ, पोटात दोन-तीन पोकळ्या, वर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार. रेघ फुगवली की आधी आतली पांढरी जागा जाते, आणि ती गेली की अक्षराचा गोळा होतो. जाड देवनागरी काढणाऱ्याला खरा हिशेब ठेवावा लागतो तो पांढऱ्याचा.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने ‘मोदक’ या फॉन्टमध्ये हा हिशेब अगदी टोकाला नेला. त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची, रोमन नूपुर दात्ये यांची. हाताने काढलेल्या रेखाटनांपासून सुरुवात झाली. वाचता येईल तोवर अक्षर फुगवत न्यायचं, असा तो प्रयोग. शेवटी अक्षराच्या पोटात उरल्या त्या बारीक पांढऱ्या चिरा. पण डोळ्याला तेवढ्याही पुरतात, आणि ‘मोदक’ची सगळी गंमत त्यातच आहे.

ही गंमत स्वस्तात मात्र पडली नाही. एरवी एकच तयार उकार थोडाफार सरकवून बऱ्याच अक्षरांखाली चालवून घेता येतो. इथे अक्षराचं पोटच खाली उतरलेलं, त्यामुळे उकाराला बसायला मोकळी जागाच नाही. म्हणून ज्या-त्या अक्षराच्या अंगाला बसेल असा उकार वेगळा काढावा लागला, जोडाक्षरांचंही तेच. खिळे जुळवण्याच्या काळात मुंबईत मात्रेसकट एकसंध ओतलेल्या खिळ्यांना ‘अखंड’ म्हणत. संगणकावर जन्मलेला ‘मोदक’ वृत्तीने त्या घराण्यातला वाटतो.

याच गटाचा ‘बलू’ही जाड आणि गोलसर, पण पुष्कळ समजूतदार. तो नऊ भारतीय लिप्यांत निघाला आणि जागोजागी त्याला नाती चिकटली: गुजरातीत ‘भाई’, पंजाबीत ‘पाजी’, बंगालीत ‘दा’, तमिळमध्ये ‘थंबी’, मल्याळममध्ये ‘चेट्टन’. पुढे उर्दूसाठी ‘भाईजान’ आला. देवनागरीतला तेवढा नुसताच ‘बलू’. आपल्याकडे काय भाऊ-दादांचा तुटवडा होता? ‘बलू २’मध्ये जाडीच्या पाच पायऱ्या मिळाल्या, त्यामुळे मथळ्याखालची दुय्यम ओळही आता त्याच वळणात लावता येते.

‘मोदक’मध्ये ती सोय नाही, आणि नसलेलीच बरी. दोन्ही फॉन्ट खुल्या परवान्याचे, फुकट मिळणारे. त्यामुळे ‘मोदक’ नको तिथेही लावला जाण्याचा धोका आहे. निमंत्रणपत्रिकेचा अख्खा मजकूर त्यात लावला, तर पाहुण्यांना वेळ-स्थळ शोधतच बसावं लागेल. मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, मिठाईचा खोका, गणेशोत्सवाचा फलक ही त्याची खरी ठिकाणं. शब्द दोन-तीनच ठेवावेत आणि आकार भरपूर मोठा. छपाईला देण्याआधी एकदा खऱ्या मापाचा कागद काढून ‘द्ध’ आणि ‘क्ष’ची पोटं तपासावीत. शाई पसरली तर आधी त्याच चिरा बुजतात.